वेदीची सेवा आणि आईची सेवा

मुलाने ईश्वरसेवेचे व्रत घेतले आणि पुढे आई अंथरुणाला खिळली, तर तिच्या उशाशी कोणी बसावे? हा प्रश्न आपल्या देशाला नवा नाही. परंतु घरोघर मुलांची संख्या एक-दोनवर आल्यापासून कॅथलिक धर्मगुरूंच्या बाबतीत त्याला विशेष धार आली आहे.

राजधानी दिल्लीचेच उदाहरण घेऊ. गोल डाकखान्याजवळ लाल विटांचे भव्य सेक्रेड हार्ट कॅथेड्रल उभे आहे. त्याची कोनशिला १९२९ साली बसविण्यात आली. आराखडा हेन्री मेड या वास्तुशिल्पकाचा. येथे प्रार्थनेला येणारी कुटुंबे केरळ, गोवा, मंगळूर, तामिळनाडू, छोटानागपूर अशा नाना प्रांतांतून आलेली असतात. त्यांचे धर्मगुरूही बहुधा असेच दूरदेशीचे. एका चर्चच्या कक्षेतील श्रद्धावंतांच्या समूहाला वसईचे मराठी ख्रिस्ती बांधव ‘धर्मग्राम’ असे समर्पक नाव देतात. या धर्मग्रामाच्या प्रमुखाला रोजची मिस्सा म्हणजे उपासना, बाप्तिस्मा, विवाह, आजाऱ्यांची विचारपूस, मृतांचा अंत्यविधी अशी अखंड कामे असतात. शेकडो घरांचा तो ‘फादर’ असतो. पण त्याचे स्वतःचे घर दोन हजार किलोमीटरांवर असू शकते.

पूर्वी घरात सहा-सात भावंडे असत. एकाने चर्चची वाट धरली तरी आईबापांजवळ कोणी ना कोणी उरत असे. आता एक भाऊ परदेशी, बहीण सासरी आणि घरी एकटी वृद्ध आई, असे चित्र दुर्मिळ नाही. अशा आईला पक्षाघात झाल्याचा निरोप आला, तर धर्मगुरूने काय करावे?

येथे एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. धर्मग्राम सोडणे आणि धर्मगुरुपद सोडणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे धर्मग्रामाच्या प्रमुखाला वर्षाकाठी एक महिना रजा घेता येते. आठवड्याहून अधिक काळ दूर राहायचे असेल, तर वरिष्ठांना कळवावे लागते. एवढ्याने भागत नसेल, तर योग्य कारण देऊन तो आपल्या जागेचा राजीनामा बिशपांकडे पाठवू शकतो. बिशपांनी तो स्वीकारला तरच तो अमलात येतो. तीन महिन्यांत स्वीकारला नाही, तर तो निष्प्रभ ठरतो. स्वीकारल्यानंतरही तो धर्मगुरूच राहतो. त्याचे ब्रह्मचर्य आणि बिशपांविषयीची आज्ञाधारकता या दोन्ही गोष्टी कायम राहतात. आईची शुश्रूषा करताकरता तेथील बिशपांच्या संमतीने जवळच्या चर्चमध्ये तो मिस्साही अर्पण करू शकतो.

धर्मसंघांत राहणाऱ्या, दारिद्र्यव्रत घेतलेल्या संन्यस्तांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांच्या मिळकतीवर संघाचा अधिकार असल्याने घरी पैसे पाठविणेही त्यांच्या एकट्याच्या हाती नसते. तथापि गंभीर कारण असेल, तर संघाचे सर्वश्रेष्ठ प्रमुख त्यांनाही पाच वर्षांपर्यंत संघाबाहेर राहण्याची अनुज्ञा देऊ शकतात. किंबहुना १९१७ च्या जुन्या धर्मसंहितेत याहून पुढचा विचार होता. ज्यांचे आईबाप किंवा आजीआजोबा घोर अडचणीत असून त्यांना आधार देणे ज्यांचे कर्तव्य आहे, अशा मुलांना संघात घेणेच त्या संहितेने अनुचित मानले होते.

हा विचार येशूच्या शिकवणीला धरूनच आहे. ‘माझे धन देवाला अर्पण केले आहे’ या सबबीवर आईबापांची जबाबदारी टाळणाऱ्यांची त्याने कडक शब्दांत कानउघाडणी केली होती. क्रुसावरच्या अंतिम यातनांतही त्याने आपली आई एका शिष्याच्या हाती सोपविली. उलट, बापाला पुरून येतो म्हणणाऱ्याला त्याने थांबू दिले नाही, हा प्रसंगही शुभवर्तमानात आहे. ही ओढाताण धर्मगुरूच्या जीवनात पुरेपूर उतरते. दिल्लीतच ६ नोव्हेंबर १९९९ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी आशियातील चर्चविषयीचे आपले पत्र प्रसिद्ध केले. आशियाच्या ज्या गुणांचा त्यात गौरव आहे, त्यांत आईवडिलांविषयीच्या भक्तीचाही समावेश आहे.

या ओढाताणीतून वाट काढणारे थोर पुरुष निरनिराळ्या मार्गांनी गेले. केरळमधील कुरियाकोस एलियास चावरा (१८०५–१८७१) धर्मशिक्षण घेत असतानाच त्यांचे आईवडील आणि एकुलता एक भाऊ साथीत मरण पावले. वंश बुडू नये म्हणून परत ये, असा आप्तांनी आग्रह धरला. चावरांनी घराचा भार बहीण आणि मेहुणे यांच्यावर सोपविला, आणि मगच ते आपल्या मार्गाला लागले. ते घराकडे पाठ फिरवून गेले नाहीत. घराची व्यवस्था लावून गेले. २०१४ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. इटलीतील डॉन बॉस्को यांनी निराळाच मार्ग काढला. १८४६ साली त्यांनी आपल्या विधवा आईलाच खेड्यातून तुरीन शहरी आणले. अनाथ मुलांसाठी स्वयंपाक करीत, त्यांचे कपडे शिवीत ती माउली १८५६ साली तेथेच निवर्तली. डॉन बॉस्कोंच्या नावाची तंत्रशिक्षण संस्था दिल्लीच्या ओखला भागात आहे.

परंतु प्रत्येकाला मेहुणा लाभत नाही, आणि खिळलेल्या आईला दोन हजार किलोमीटर आणताही येत नाही. मग परत जाणे हाच मार्ग उरतो. तेव्हा खरी कसोटी लागते ती त्या धर्मगुरूइतकीच मागे राहणाऱ्या लोकांची. आपण मराठी वाचकांना विठ्ठलपंतांची कथा ठाऊक आहे. काशीला संन्यास घेतलेले विठ्ठलपंत गुरूंच्या आज्ञेवरून पत्नीकडे परतले. परंपरा सांगते की, गुरूने ज्याला मोकळ्या मनाने परत पाठविले, त्याला समाजाने वाळीत टाकले. आणि ज्ञानदेवादी चार भावंडांना त्याची झळ सोसावी लागली. परतणे हा अपराध नव्हता. लोकांच्या निष्ठुरपणाने त्याला अपराधाचे रूप दिले.

फादर अचानक गेले की, भांडण झाले असेल, मन ढळले असेल, असे तर्क चालतात. धर्मगुरूंनीही संकोचाने घरची अडचण झाकून ठेवू नये. वेळीच सांगितली तर बिशपांना त्यांच्या जागी दुसरी व्यवस्था करता येते, घराजवळची बदली शोधता येते. आणि लोकांनीही तर्क करीत न बसता निरोप प्रेमाने द्यावा, अधूनमधून पत्र टाकावे, त्या आईच्या प्रकृतीची चौकशी करावी. ज्याने वर्षानुवर्षे आपल्या घरच्या आजाऱ्यांच्या उशाशी बसून प्रार्थना केली, त्याला स्वतःच्या आईच्या उशाशी निश्चिंत मनाने बसता यावे, एवढे आपल्याकडून व्हावयास हवे.