पाण्याची वाट कोणाची?

वैशाख सरत आला की गोमंतकातील घराघरांत पुरुमेंताची लगबग सुरू होते. सुकी मासळी, मीठ, मिरच्या, सोले यांची बेगमी होते, कौले परतली जातात, जळण पडवीत येते, विहिरीच्या काठाची पडझड बांधून घेतली जाते. पाऊस म्हणजे काय हे आमच्या गृहस्थाला शिकवावे लागत नाही. मात्र हाच गृहस्थ सकाळी घरातून निघून आपल्या दुकानात, हॉटेलात किंवा व्यापारी संकुलाच्या कचेरीत जाऊन बसला, की त्याचे हे सारे शहाणपण उंबरठ्याबाहेर राहते. आपल्या पायाखालील फरशीच्या खालून एक गटार जाते, ते कोठून येते आणि कोठे जाते, ते शेवटचे कधी उपसले, या प्रश्नांची उत्तरे त्याच्यापाशी नसतात. ती शोधण्याची त्याला गरजही वाटत नाही.

जूनमधील पहिल्या जोरदार सरीनंतर पुढे काय घडते, हे वाचकांना पाठ आहे. अठरा जून रस्त्यावर पाणी साचते, दुकानदार पायरीवर फळ्या लावतात, दुचाक्या बंद पडतात आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात महानगरपालिकेच्या नावाने शिमगा होतो. त्या शिमग्यात आम्हीही वेळोवेळी सूर मिसळला आहे, आणि त्याबद्दल आम्हाला खेद नाही. पण प्रत्येक वेळी पालिकेकडे बोट दाखवून आपण मोकळे होतो, तेव्हा एक गोष्ट सोयीस्करपणे नजरेआड होते. रस्त्यावर साचलेल्या पाण्याचा मोठा भाग रस्त्यावर पडलेलाच नसतो. तो छपरांवर, गच्च्यांवर आणि फरसबंद अंगणांत पडून तेथून बाहेर लोटला गेलेला असतो.

हिशेब शाळकरी मुलालाही येईल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. छप्पर आणि वाहनतळ मिळून हजार चौरस मीटर जागा व्यापणाऱ्या संकुलावर तासाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस झाला, तर पन्नास हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरांचे पाच टँकर पाणी त्या एका इमारतीतून बाहेर पडू पाहते. आणि आपल्या किनाऱ्यावर मोसमात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस होतो. पूर्वी त्या जागेवर माती, गवत, एखादे आंब्याचे झाड असे. निम्मेशिमे पाणी जिरत असे. आता सिमेंटच्या ठोकळ्यांनी जमिनीचे तोंडच बंद केले आहे.

पणजीची जागा तर मुळातच पाण्याकडून मागून घेतलेली. आल्तिनोच्या डोंगराचे पाणी उतरणीने खाली येते, समोर मांडवी, एका अंगाला सांत इनेजचा नाला, दुसऱ्या अंगाला मळ्यावरून जाणारी उरेची खाडी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सखल भाग भरून हे शहर आखले गेले आणि १८४३ साली ते रीतसर राजधानी झाले. जुने गोवे का ओस पडले, याची कारणे अनेक आहेत. परंतु कॉलरा आणि मलेरियाच्या साथी, कुजके पाणी आणि दूषित विहिरी यांचा त्यात मोठा वाटा होता. निचरा साधला नाही म्हणून एक राजधानी सोडून आलेल्या प्रदेशाला निचऱ्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागू नये.

त्यात भरती-ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, मध्यान्ह आणि मध्यरात्र यांच्या थोडे अलीकडे, मांडवीला पूर्ण भरती असते. त्या घटकेला गटारांची मुखे पाण्याखाली जातात. वरून पाऊस आणि खालून नदी अशी कोंडी झाली, की साफ गटारही काही काळ तुंबते. मग गाळाने निम्मे भरलेल्या गटाराची काय कथा? आमच्या पूर्वजांना हे कोडे ठाऊक होते आणि त्यांनी ते सोडवलेही होते. खाजन शेतीची मानस ज्यांनी पाहिली असेल त्यांना ते सांगणे नलगे. भरतीचे पाणी दाराला रेटते तशी दारे आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या भाराने ती उघडतात. ना यंत्र, ना वीज. पण त्या दाराची फळी कुजली, बांधाला खेकड्याने बीळ पाडले, तर गावकरी वाट पाहत बसत नसे. कोणी काय करायचे हे ठरलेले होते आणि हयगय करणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागे.

ही व्यवस्था पुढे विस्कटली. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले, ते न्याय्यच होते आणि आम्ही त्याचे स्वागतच करू. परंतु बांध आणि मानशी सांभाळण्याचे काम जुन्या हातांतून सुटले आणि नव्या कूळ संघांच्या हातांत सगळीकडे पक्के बसले नाही. मालकी बदलली, जबाबदारी मात्र वाटेत कोठेतरी हरवली. कित्येक खाजने खाऱ्या पाण्याखाली गेली ती अशी.

शहरातील व्यापारी इमारतींचे आज अगदी हेच झाले आहे. बांधकाम व्यावसायिक इमारत उभारतो, आराखड्यात गटार, गाळकुंड्या, जाळ्या सारे नीट दाखवतो, वास्तव्य दाखला मिळवतो, गाळे विकतो आणि दुसऱ्या भूखंडाकडे वळतो. गाळेधारकांची संस्था कधी होते, कधी वर्षानुवर्षे होत नाही. जो व्यवस्थापक नेमला जातो त्याला उद्वाहक, दिवे आणि पहारेकरी एवढेच आपले काम वाटते. गटाराचा नकाशा त्याने पाहिलेलाच नसतो.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका संकुलाच्या तळघरात आम्ही उतरलो होतो. वाहने लावण्यासाठी मंजूर झालेली ती जागा कोठार म्हणून वापरात होती. गुडघाभर पाण्यात कापडाचे गठ्ठे तरंगत होते आणि चतुर्थीसाठी उधारीवर माल भरलेला एक मध्यमवयीन दुकानदार पायरीवर सुन्न बसला होता. पाणी कोठून आले याचा शोध घेतला तेव्हा कळले, की मागील अंगणातील गाळकुंडीवर कोणीतरी सुबक फरशी बसवून घेतली होती. छपराचे चार नळ त्या कुंडीत येत होते. ती कुंडी गाळाने काठोकाठ भरली होती आणि तिला झाकणच उरले नव्हते. पंप होता. तो चालूही झाला, आणि त्याने सारे पाणी शेजाऱ्याच्या आवारात फेकले.

फरशी हा एक शत्रू झाला. दुसरा खाद्यगृहांचा. मोरीतून जाणारे तेल आणि चरबी थंड होऊन नळाच्या आत साखरेच्या पाकासारखी थिजते आणि तिच्यात प्लास्टिक रुतून बसते. चरबी अडवणारी पेटी बसवलेली असते, पण ती आठवड्याला रिकामी करावी लागते हे सांगितलेले नसते. तिसरा, आणि सर्वांत घातक, म्हणजे सांडपाण्याची चोरटी जोडणी. मैला टोंक येथील शुद्धीकरण प्रकल्पाकडे जावा आणि पावसाचे पाणी नदीकडे, अशी विभागणी असताना एकाचा नळ दुसऱ्यात सोडला जातो. मग पावसाळ्यात मलवाहिनीची झाकणे उसळतात आणि उन्हाळ्यात सांत इनेजच्या नाल्यावरून जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो.

कायदे नाहीत अशी तक्रार कोणी करू नये. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या चोविसाव्या कलमाने नदीनाल्यांत दूषित द्रव्य सोडण्यास मनाई केली आहे आणि त्यात भरतीचे पाणीही येते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी गटारात कचरा टाकण्यास स्पष्ट मज्जाव केला. उणीव आहे ती विचारणा करणाऱ्याची. वास्तव्य दाखल्याच्या दिवशी जे एकदा तपासले जाते ते पुन्हा कधी तपासले जाते काय?

संकुलचालकांचे एक उत्तर आम्हाला ठाऊक आहे आणि ते पोकळ नाही. 'आम्ही आतले गटार उपसू, पण बाहेरचे तुंबलेले असेल तर पाणी जाणार कोठे?' २०१६ साली पणजीची स्मार्ट सिटी म्हणून निवड झाली, २०२३ मध्ये रस्ते असे खणले गेले की मालमोटारी त्यांत रुतल्या, आणि एवढे होऊनही पहिल्या पावसात शहर कोरडे राहिले नाही. पालिकेचा आणि सरकारचा दोष आहे तेथे तो आम्ही पुनःपुन्हा दाखवू. परंतु बाहेरचा आतल्याकडे आणि आतला बाहेरच्याकडे बोट दाखवत राहिला तर पाण्याने कोणाचे ऐकावे?

आमची सूचना साधी आहे. व्यापार परवान्याचे नूतनीकरण करताना प्रत्येक व्यापारी संकुलाकडून, हॉटेलाकडून आणि इस्पितळाकडून गटाराचा नकाशा, उपसणीची तारीख आणि जबाबदार व्यक्तीचे नाव मागून घ्यावे. पालिकेच्या अभियंत्याने मे महिन्यात त्यांतली काही, आधी न कळवता, झाकण उघडून पाहावी. आणि त्याच यादीत पालिकेने आपल्या प्रत्येक नाल्याच्या उपसणीची तारीखही छापावी. एकदा मेमध्ये उपसले की झाले, हाही गैरसमज आहे. पहिल्या दोन मोठ्या सरी छपरावरचा सारा पाचोळा खाली आणतात, म्हणून त्यानंतर जाळ्या पुन्हा पाहाव्या लागतात, आणि चतुर्थीच्या आधी एकदा गाळकुंड्या.

हे काम करणाऱ्या मजुराविषयी लिहिले नाही तर आम्ही आपल्याच लेखणीशी प्रतारणा करू. वर्षभर बंद असलेल्या चेंबरमध्ये विषारी वायू साचतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला मलवाहिनीत उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. ज्या गटारात मैला चोरून सोडला जातो ते पावसाचे गटार केवळ नावापुरते. त्यात उतरणाऱ्याचा जीव मलवाहिनीत उतरणाऱ्याइतकाच धोक्यात असतो. तासाभराच्या कामासाठी रस्त्याच्या कडेवरून एखादा परगावचा मजूर बोलावून, दोर न बांधता त्याला खाली सोडणारा व्यवस्थापक आम्ही पाहिला आहे. त्याला आपण काही वावगे करतो आहोत असे वाटतही नव्हते.

हे सारे लिहिण्यापूर्वी आमच्या कार्यालयाच्या मागील झाकण आम्ही उचलवून घेतले. लांब दांड्याच्या फावड्याने, वरूनच, चार घमेली गाळ निघाला आणि त्याखाली आमच्याच दैनिकाच्या जुन्या अंकांचा भिजून दगड झालेला लगदा. कंत्राटदाराच्या माणसाने तो सारा ढीग गटाराच्या काठावरच ठेवला, पाऊस आला की तो पुन्हा आत जाणार हे त्यालाही दिसत होते. दोन दिवस वाट पाहून तिसऱ्या दिवशी आम्ही टेम्पो बोलावला.