पाच बहिणींचा अर्ज
आठवड्याचा पाठ : लेखांक अकरावा

येत्या शनिवारी सिनेगॉगांमध्ये ‘पिन्हास’ हा पाठ वाचला जाईल. तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या पहिल्या पाच धर्मग्रंथांच्या, चोपन्न पाठांपैकी हा एकेचाळिसावा. मराठी बायबलात ज्याला ‘गणना’ म्हणतात, त्या चौथ्या ग्रंथातला. पाठ लांबलचक आहे. त्यात पिन्हासला मिळालेलं याजकपद आहे, शिरगणती आहे, मोशेच्या जागी यहोशवाची नेमणूक आहे, सणावारांच्या बळींची यादीही आहे. पण स्त्रियांच्या अभ्यासगटात बसलात, तर चर्चा सत्ताविसाव्या अध्यायाच्या पहिल्या अकरा वचनांवर रेंगाळते. तिथे सलाफहादच्या पाच मुली उभ्या आहेत: महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा.

त्या कधी पुढे येतात, ते आधी पाहू. नुकतीच शिरगणती झाली आहे. वीस वर्षांवरच्या, लढाईला जाऊ शकणाऱ्या पुरुषांचा आकडा ६,०१,७३० भरला. याच गणतीच्या आधारावर कनानची जमीन कुळाकुळांत वाटली जायची आहे. गणती पुरुषांची, म्हणून वाटाही पुरुषांनाच. सलाफहाद अरण्यात मेला, त्याला मुलगा नाही, म्हणजे त्याच्या घराला जमीन नाही. सगळा हिशोब कागदावर चोख बसला आहे आणि नेमक्या त्या वेळी पाच बहिणी दर्शनमंडपाच्या दाराशी येऊन मोशे, याजक एलाजार, सरदार आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहतात.

त्यांचं बोलणं चार-पाच वाक्यांचंच आहे. आमचे वडील वारले. कोरहाच्या बंडात ते नव्हते. त्यांना मुलगा नव्हता. तेवढ्यासाठी त्यांचं नाव कुळातून का पुसलं जावं? आमच्या चुलत्यांबरोबर आम्हालाही जमीन द्या. रडणं नाही, शाप नाही, आरोपही नाही. कोरहाचा उल्लेख मात्र मुद्दाम केलेला आहे. मोशेविरुद्ध उठलेल्या त्या बंडात वडील सामील असते, तर मोशेच्या मनात अढी असू शकली असती. त्याने विचारण्याआधीच मुलींनी ती शंका दूर केली. घरात असो, कचेरीत असो, ज्याच्याकडे दाद मागायची त्याच्या मनात काय अडकलेलं असेल याचा विचार करून जाणं ही मोठी समज आहे, आणि या पाठावर बोलणाऱ्या शिक्षिका तिकडे आवर्जून लक्ष वेधतात.

तालमुद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथातल्या पंडितांनीही या बहिणींना मान दिला आहे. बाबा बात्रा या भागात त्यांना शहाण्या, शास्त्रार्थ जाणणाऱ्या आणि सदाचारी म्हटलं आहे. शास्त्रार्थ जाणणाऱ्या कशावरून, तर त्यांच्या युक्तिवादावरून. मोशे त्या वेळी निपुत्रिक भावाच्या विधवेशी दिराने लग्न करावं हा नियम समजावून सांगत होता, अशी कथा तिथे येते. मुली म्हणाल्या, आम्ही वंशात धरल्या जात असू तर वारसा द्या. धरल्या जात नसू तर आमच्या आईचं दिराशी लग्न लावा. दोन्ही नियम एकदम आमच्याविरुद्ध कसे लागू होतील? पुढे कित्येक शतकं ज्या पंडितांच्या पाठशाळांत स्त्रियांना जागा नव्हती, त्यांनीच हा तर्क पाच मुलींच्या तोंडी घातला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आणि मग मोशे. तो उत्तर देत नाही. ज्याने समुद्र दुभंगलेला पाहिला, सिनायवरून नियम आणले, तो सगळ्यांदेखत गप्प होतो आणि त्यांचं म्हणणं देवापुढे नेतो. देवाचा निर्णय स्पष्ट आहे: मुलींचं म्हणणं रास्त आहे. त्यानंतर तो त्या एका घरापुरता न राहता सर्वांसाठी नियम होतो की मुलगा नसेल तर मुलगी वारस. मुलांच्या अवघड प्रश्नाला ‘मला ठाऊक नाही, विचारून सांगते’ असं उत्तर देण्यात कमीपणा नाही, हे कितीतरी आया या प्रसंगातून घेतात. आईवडिलांना आणि शिक्षकांना याहून उपयोगी धडा या पाठात दुसरा नाही.

असं वाचायची सवय स्त्रियांना लागली कशी? सतराव्या शतकापासून यिद्दीश भाषेत ‘त्सेना उरेना’ हा ग्रंथ घराघरांत होता. यानोवच्या याकोव बेन यित्झाक अश्केनाझी यांनी तो रचला. आठवड्याचा पाठ, त्यावरच्या कथा आणि बोध, सगळं बायकांना कळेल अशा बोलीत. शनिवारी दुपारी तो वाचायचा हा पूर्व युरोपातल्या घरांचा रिवाजच झाला. १९१७ साली क्राकोवमध्ये सारा शेनिरर या शिवणकाम करणाऱ्या बाईने मुलींची शाळा काढली आणि शिक्षण घराबाहेर आलं.

पण या लेखमालेला ज्यांची सर्वांत जास्त आठवण ठेवावी लागते, त्या नेहामा लाइबोविट्झ. जन्म १९०५, रिगा. १९३० मध्ये डॉक्टरेट मिळवून त्या जेरुसलेमला आल्या. १९४२ साली काही महिन्यांच्या अभ्यासवर्गाला आलेल्या स्त्रिया घरी परतताना म्हणाल्या, पुढे शिकायचं कसं? नेहामांनी आठवड्याच्या पाठावर प्रश्नांचा एक कागद तयार केला आणि टपालाने पाठवला. उत्तरं आली, ती तपासून परत गेली. मागणी वाढत गेली. शेतावर काम करणारे, सैनिक, शिक्षक, गृहिणी सगळे लिहू लागले. तीस वर्षं, १९७१ पर्यंत, हे कागद निघत राहिले. अवघड प्रश्नांवर त्या फुलीची खूण करत. फार अवघड असेल तर दोन फुल्या. त्यांची मुख्य शिकवण ही की राशी या मध्ययुगीन भाष्यकाराने एखादी टीप लिहिली असेल तर आधी विचारा, त्याला मूळ वचनात काय खटकलं असेल? उत्तर पाठ करण्यापेक्षा खटकलेली जागा शोधा. सलाफहादच्या मुलींनी तेच केलं होतं. १९५६ मध्ये नेहामांना इस्राएल पारितोषिक मिळालं.

आता या कथेचा तो भाग, जो सभासमारंभांत बरेचदा सांगितला जात नाही. छत्तिसाव्या अध्यायात या मुलींच्याच मनश्शे वंशाचे वडीलधारे तक्रार घेऊन येतात: या मुली दुसऱ्या वंशात लग्न करून गेल्या तर जमीन तिकडे जाईल. त्यांचंही म्हणणं रास्त ठरतं आणि मुलींना आपल्याच वंशात लग्न करायला सांगितलं जातं. त्या चुलतभावांशी लग्न करतात. म्हणजे हक्क मिळाला, पण त्याला कुंपणही पडलं. शिवाय मुलगा असलेल्या घरात मुलीला वारसा नव्हताच. ही अडचण पुढच्या पिढ्यांनी आपल्या परीने सोडवली. मध्ययुगात अश्केनाझी, म्हणजे युरोपातल्या ज्यू, घरांत बाप मुलीच्या नावे दस्त करून तिला मुलाच्या निम्म्याएवढा वाटा देऊ लागला. इस्राएलच्या १९६५ च्या वारसा कायद्यात मुलगा-मुलगी सारखे आहेत. भारतातल्या ज्यूंना, म्हणजे आपल्या कोकणातल्या आणि मुंबईतल्या बेने इस्राएल घरांनाही, १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर तिथेही मुलीचा वाटा मुलाइतकाच.

आणखी एक तपशील. निर्णय झाला तरी जमीन आपोआप हाती आली नाही. यहोशवाच्या ग्रंथात, सतराव्या अध्यायात, या बहिणी पुन्हा दिसतात. मोशे आता नाही. त्या एलाजार आणि यहोशवापुढे जाऊन सांगतात, आम्हाला वाटा द्यायची देवाने मोशेला आज्ञा केली होती. मग वाटा मिळतो. तोंडी कबुली आणि सातबारावरचं नाव यांतलं अंतर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे दुसऱ्यांदा जाणं पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटेल. मला तर ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

हे सगळं मराठीत वाचता येतं. संपूर्ण बायबलचा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत अनुवाद करणारी एक स्त्रीच होती, पंडिता रमाबाई. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली तो प्रसिद्ध झाला. हाताशी असेल तो अनुवाद घ्या आणि पुढच्या लेखांकापूर्वी ‘गणना’चा सत्ताविसावा आणि छत्तिसावा अध्याय एका बैठकीत वाचा. पहिला वाचून दुसरा सोडू नका.