गीझरच्या पाटीवरचे आकडे

न्हाणीघरातल्या गीझरच्या अंगावर एक छोटी पाटी असते. ‘२३० व्होल्ट, २००० वॅट’ एवढेच बहुधा तीवर छापलेले असते. विद्युतधारा किती आणि आतल्या कॉइलचा रोध किती, हे त्या दोन आकड्यांतच दडलेले असते. शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले विद्युतधारा. म्हणून २००० ला २३० ने भागले की धारा निघते, सुमारे ८.७ अँपिअर. रोध म्हणजे व्होल्टेज भागिले धारा. म्हणून २३० ला ८.७ ने भागले की साधारण २६.५ ओहम. इलेक्ट्रिशियन गीझरसाठी १६ अँपिअरचे जाड पिनांचे सॉकेट बसवतो, ते या पहिल्या भागाकारामुळे.

उन्हाळ्यात गावाकडे व्होल्टेज १८० पर्यंत उतरते, तेव्हा कॉइल तीच, रोधही जवळपास तोच. धारा मात्र ६.८ अँपिअरवर येते आणि शक्ती सुमारे १२२५ वॅटवर. व्होल्टेज २२ टक्के घटले, तर शक्ती ३९ टक्के. गुणाकारातले दोन्ही आकडे एकदमच खाली आल्यामुळे पाणी तापायला दीडपटीहून जास्त वेळ लागतो.

व्होल्टेज, धारा आणि रोध यांचे हे नाते आज शाळेत एका ओळीत शिकवले जाते. ते शोधायला मात्र चिकाटी लागली. जर्मनीतील एरलांगेन येथे १७८९ साली, कुलपे बनवणाऱ्या कारागिराच्या घरी जन्मलेले गेऑर्ग ओहम कोलोन शहरात शाळामास्तर होते. धारा मोजण्याचे त्यांचे सुरुवातीचे प्रयोग रासायनिक बॅटरीवर झाले. पण मोजता मोजताच तिचा जोर बदलत असे, आणि आकडे जुळत नसत. मग भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी तांबे आणि बिस्मथ या धातूंचा सांधा वापरला. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन्ही तापमाने स्थिर, म्हणून मिळणारे व्होल्टेजही स्थिर. त्यावर एकाच जाडीच्या, वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा जोडून, टांगलेल्या चुंबकसुईवरून त्यांनी धारा मोजली. तार लांब तशी धारा कमी, असा नेमका हिशोब हाती आला. १८२७ साली त्यांचा ग्रंथ निघाला, पण मायदेशात त्याची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिले ते १८४१ मध्ये.

ओहम यांच्या नियमाला एक अट आहे: तापमान बदलता कामा नये. जुन्या पद्धतीचा ६० वॅटचा बल्ब हे याचे उत्तम उदाहरण. पेटलेला असताना तो ०.२६ अँपिअर घेतो, म्हणजे रोध सुमारे ८८० ओहम. तोच बल्ब होल्डरमधून काढून थंड असताना मल्टिमीटरला लावला, तर काटा साठ-सत्तर ओहमच्या आसपास थांबतो. मीटर बिघडलेला नसतो. टंगस्टनची तार पांढरीफटक तापली की तिचा रोध दहापटीहून जास्त वाढतो. म्हणून चालू उपकरणाचा रोध हवा असेल, तर चालू असतानाचे व्होल्टेज आणि धारा मोजून भागाकारच करावा लागतो. बटण दाबताक्षणी तार थंड असते, धारा क्षणभर कित्येक पट वाढते. जुना बल्ब नेमका त्याच क्षणी उडतो तो यामुळे.

तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या पटीत वाढते, हे जेम्स जूल यांनी १८४१ च्या निबंधात मांडले. घरातल्या विजेबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही. गीझरच्या सॉकेटमधली पिन सैल झाली आणि तिथे फक्त अर्धा ओहम रोध तयार झाला, असे समजा. एकूण रोध २७ ओहम, धारा ८.५ अँपिअर. धारेचा वर्ग ७२. त्याला अर्ध्याने गुणले की ३६ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते आणि ती शिसे-कथिल वितळवते. इथे त्याहून जास्त उष्णता नखाएवढ्या जागेत कोंडते. पिन काळवंडते, प्लास्टिक पिवळे पडून वास येऊ लागतो. आणि एमसीबी पडत नाही, कारण धारा वाढलेली नसतेच, उलट ८.७ वरून ८.५ वर घसरलेली असते. ज्या प्लगला हात लावल्यावर चटका बसतो, तो त्याच दिवशी बदलायला हवा.

विहिरीवरच्या पंपाला मात्र गीझरचे गणित लावता येत नाही. फिरणारी मोटर स्वतःच विरोधी व्होल्टेज निर्माण करते, त्यामुळे व्होल्टेजला धारेने भागून तिच्या वेटोळ्यांचा खरा रोध मिळत नाही. शक्ती काढतानाही पॉवर फॅक्टरने गुणावे लागते: २३० व्होल्ट, ६ अँपिअर आणि ०.८ पॉवर फॅक्टर असेल तर १३८० नव्हे, ११०४ वॅट. व्होल्टेज उतरले की गीझर कमी धारा घेतो. पंपाला मात्र पाणी तेवढेच उचलायचे असते, म्हणून तो जास्त घेतो. जूल यांचा वर्ग इथेही लागू होतो आणि वेटोळी जळतात.

हाच वर्ग चुकवण्यासाठी वीज दूर न्यायची तर व्होल्टेज चढवावे लागते. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्याला येणारी, सुमारे ७५० किलोमीटरची एकदिश विद्युतवाहिनी १५०० मेगावॅट वाहून आणू शकते. तिच्या दोन तारांपैकी एक अधिक ५०० किलोव्होल्टवर, दुसरी उणे ५०० किलोव्होल्टवर. म्हणजे दोहोंत दहा लाख व्होल्टचे अंतर. दीडशे कोटी वॅटला दहा लाखांनी भागले की धारा फक्त १५०० अँपिअर येते. तीच वीज घरातल्या २३० व्होल्टवर आणायची म्हटली, तर ६५ लाख अँपिअर लागले असते.