घरात वाजवायचा गिटार-अँप्लिफायर

घरात गिटार शिकणारा मुलगा किंवा मुलगी असली की वर्षा-सहा महिन्यांत एक प्रश्न उभा राहतो. विजेची गिटार तर आली. आता तिला अँप्लिफायर हवा. दुकानदार विचारतो, "किती वॉटचा देऊ?" बाप खिशाकडे पाहतो, मुलगा मोठ्या पेटीकडे पाहतो, आणि निकाल बहुधा वॉटच्या आकड्यावर लागतो. आमचे म्हणणे असे की, घराकरिता घेताना हा आकडा सर्वांत शेवटी पाहावा. तसे का, ते सांगतो.

प्रथम ही वस्तू करते काय? साध्या गिटारीची पोकळ पेटी तारेचा कंप हवेत पोचवते. विजेच्या गिटारीचे अंग बहुधा भरीव लाकडाचे असते, म्हणून तिचा स्वतःचा आवाज अगदी क्षीण. तिच्या तारांखाली लोहचुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेढे असतात. त्यास पिकअप म्हणतात. पोलादी तार हलली की चुंबकाच्या क्षेत्रात फरक पडतो आणि वेढ्यांत किंचित वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडे याने १८३१ साली दाखवलेले हे तत्त्व. वीजघरातली जनित्रेही त्यावरच चालतात. हा फॅरडे पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता शिकला, ही गोष्ट आम्हां शाळेबाहेर शिकलेल्यांस विशेष जवळची वाटते. ती दुबळी वीज वाढवून स्पीकरचा पडदा हलवणे, एवढेच अँप्लिफायरचे काम.

आता वॉट. वॉट दुप्पट केले की आवाज दुप्पट होतो, हा समज चुकीचा आहे. दुप्पट वॉटांनी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो थोडासाच मोठा वाटतो. कानाला दुप्पट वाटण्यास सुमारे दहापट वॉट लागतात. म्हणजे १०० वॉटचा अँप्लिफायर १० वॉटच्या मानाने दहापट नव्हे, जेमतेम दुप्पट मोठा. गिटारीच्या चांगल्या स्पीकरास १ वॉट दिला तरी हातभर पलीकडे ९० डेसिबलच्या वर आवाज होतो. माणसांच्या साध्या बोलण्याइतका, म्हणजे ६० डेसिबलच्या आसपास, आवाज हवा असेल तर वॉटचा हजारावा भाग पुरतो. दहा बाय बाराच्या खोलीत ५ ते १० वॉट ही चैनच झाली.

लहान यंत्र म्हणजे हलके यंत्र, असेही मानू नये. फेंडर कंपनीचा 'चॅम्प' सुमारे ५ वॉटचा, ८ इंची एकाच स्पीकरचा. १९७० साली मायामीत 'लैला'चे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा एरिक क्लॅप्टनने अशाच छोट्या यंत्राचा उपयोग केला होता.

मग पाहावे काय? पहिली गोष्ट स्पीकर. तीन इंची स्पीकरातून खालच्या तारांचा भरीवपणा येत नाही. आवाज डब्यात बोलल्यासारखा वाटतो. साडेसहा किंवा आठ इंची स्पीकर घरास उत्तम. दुसरी गोष्ट यंत्राची जात. जुन्या पद्धतीचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर गोड बोलतो खरा, पण त्याचा तो गोडवा बहुधा मोठ्या आवाजातच खुलतो. महागही पडतो. ट्रान्झिस्टरचा स्वस्त व टिकाऊ. हल्लीचे डिजिटल यंत्र अनेक अँप्लिफायरांच्या आवाजाची नक्कल हलक्या आवाजातही करते. घरास ते सोयीचे. तिसरी गोष्ट, 'गेन' आणि 'मास्टर' या दोन खुंट्या वेगळ्या असाव्यात. गेनने आवाजाचा खरखरीत पोत येतो, मास्टरने त्याचा मोठेपणा ठरतो. दोन्ही वेगळ्या असल्या, तर पोत ठेवून आवाज कमी करता येतो.

चौथी गोष्ट हेडफोनची सोय, आणि आमच्या मते हीच सर्वांत मोठी. आमचा वावर कामगारवस्तीत. तिसऱ्या पाळीहून सकाळी घरी आलेला माणूस दुपारपर्यंत झोपतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. त्यांची रात्र दहा ते सहा. परंतु रात्रपाळी करणाऱ्याची रात्र दिवसा असते, आणि तिचा हिशेब त्या नियमांत नाही. ती शेजाऱ्यानेच राखावयाची. भिंतीपलीकडच्या माणसाची झोप गेली की दुसऱ्या दिवशी यंत्रावर त्याचा हात चुकतो, हे आम्ही वेगळे सांगावयास नको. मात्र हेडफोनही बेताने वापरावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली प्रौढांसाठी आठवड्यास ४० तास ८० डेसिबल एवढी सीमा सांगितली. दर ३ डेसिबल वाढीस ती मुदत निम्मी होते. कारखान्यात गेलेले ऐकणे परत येत नाही, तसेच हेही.

शेवटी जिवाची गोष्ट. वादकाची बोटे ज्या तारांवर असतात, त्या तारा अँप्लिफायरमार्फत अर्थिंगला जोडलेल्या असतात. १९७२ साली वेल्समधील स्वॉन्सी येथे लेस्ली हार्वे हा गिटारवादक, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मंचावरच मरण पावला. म्हणून तीन पिनांचा प्लग असेल, तर तिसरी पीन कधी तोडू नये, आणि घरातले अर्थिंग आधी वायरमनकडून तपासून घ्यावे. परदेशातून कोणी यंत्र आणले, तर ते आपल्या २३० व्होल्टांचे आहे ना, हे पाहावे. अमेरिकेतले १२० व्होल्टांचे यंत्र इथे थेट लावले तर जळेल. व्हॉल्व्हची पेटी घरी उघडू नये. बटण बंद केल्यावरही तीत शेकडो व्होल्ट साठून राहतात.

दुकानात जाताना मुलाने आपली गिटार बरोबर न्यावी. दुकानदार मोठ्याने वाजवून दाखवील. त्यास नम्रपणे थांबवून, घरी वाजवाल तेवढ्याच हलक्या आवाजात वाजवावे. प्रत्येक खुंटी सावकाश फिरवून करकर येते का, तारा दाबून धरल्या असता गुणगुण किती राहते, ते ऐकावे. मग हेडफोन लावून पुन्हा ऐकावे. एवढ्यात जे यंत्र उतरेल, ते घ्यावे. वॉटचा आकडा पाहावयाचा असेल, तर आता पाहावा. उरलेले पैसे शिक्षकाच्या फीसाठी ठेवावेत. बोटे तयार होतात ती रोजच्या अर्ध्या तासाने, आणि शेजाऱ्याची कुरकूर नसली म्हणजे तो अर्धा तास रोज मिळतो.