रोह्याची गाडी आणि दुसरा मी

शुक्रवारची दिवा-रोहा. पेणला खिडकी मिळाली आणि मोबाइलवर लावला ‘स्टार ट्रेक: एंटरप्राइज’चा २००५ मधला ‘इन अ मिरर, डार्कली’. बॉस, काय एपिसोड आहे! आरशातल्या उलट्या विश्वातला दुष्ट आर्चर शंभरेक वर्षं पुढचं ‘डिफायंट’ जहाज पळवतो. तरी बेचैन! कारण जहाजाच्या कॉम्प्युटरमध्ये त्याला ‘दुसऱ्या’ आर्चरचा बायोडेटा सापडतो. थोर संशोधक, पुढे फेडरेशनचा अध्यक्ष. झालं, जळफळाट सुरू. शेवटी प्रेयसीच त्याला विष पाजते.

नागोठण्याला मी पॉज दाबला. माझाही एक ‘दुसरा मी’ आहे. मुंबईची नोकरी न घेता रोह्यातच राहिलेला, रोज आईच्या हातचं जेवणारा. त्याच्याशी तुलना करत किती वीकएंड नासवलेत! आज ठरवलं. रोहा आलं की बायोडेटा बंद. गुपचूप पानावर बसायचं.