गावाबाहेरच्या माणसाचे मत

निकालाच्या दिवशी सकाळी आठ वाजता मोजणी सुरू होते ती यंत्रांपासून नव्हे. आधी टपालाने आलेली पाकिटे फोडतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई वायव्य मतदारसंघाचा निकाल या पाकिटांनीच फिरवला. यंत्रांवरील मतांत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मते मिळवल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी झाले. १११ टपाली मतपत्रिका बाद ठरल्या होत्या, म्हणजे विजयाच्या फरकापेक्षा जास्त. अशा वेळी बाद पत्रिका पुन्हा तपासाव्या लागतात, तशा त्या तपासल्या गेल्या. निकाल कायम राहिला, पण टपाली मत म्हणजे किरकोळ बाब, ही समजूत त्या दिवशी पुसली गेली असावी.

आपला कायदा मुळात घरी असलेल्या माणसाचा विचार करतो. आपण जिथले ‘सर्वसाधारण रहिवासी’ तिथे आपले नाव, आणि तिथल्याच केंद्रावर आपले मत. बाकी सगळे अपवाद. त्यांत सैनिकांचा अपवाद सर्वांत ठळक. उमेदवारी अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्याशिवाय मतपत्रिका छापता येत नाही आणि तिथून मतदानाला जेमतेम दोन आठवडे उरतात. तेवढ्यात कागद सीमेवरच्या चौकीत पोचून परत यायचा कसा? म्हणून २००३ मध्ये सैनिकांना आपल्या वतीने मत देणारा प्रतिनिधी नेमण्याची मुभा मिळाली. २०१६ मध्ये नियम बदलून मतपत्रिका संगणकावरून पाठवायची सोय झाली. जवान ती छापून घेतो, मत नोंदवतो आणि पाकीट टपालात टाकतो. जाणे क्षणात, येणे मात्र पोस्टमनच्याच पायांनी. २०१९ मध्ये अशा १८ लाखांहून अधिक मतदारांपैकी सुमारे ६० टक्क्यांच्या पत्रिका परत आल्या.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये घरून मतदानाचे दार ज्येष्ठ आणि अपंग मतदारांना उघडले. आधी वयाची अट ८० होती, मार्च २०२४ पासून ती ८५ आहे. अपंगत्व ४० टक्के वा अधिक हवे. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२ड भरून द्यायचा. मग दोन कर्मचारी, पोलीस आणि चित्रीकरण करणारा माणूस घरी येतात. उमेदवारांच्या प्रतिनिधींनाही हजर राहता येते. एक लक्षात ठेवावे, अर्ज मंजूर झाला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. आजोबांच्या मताच्या वेळी मुलगा-सून खोलीबाहेर थांबतील, एवढे कर्मचाऱ्यांनी पाहिले पाहिजे. आपल्या घरांत हे सांगणे अवघड असते, तरी ते सांगावे लागते.

परदेशस्थ भारतीयांना २०१० च्या दुरुस्तीने मतदारयादीत स्थान मिळाले, पण मत द्यायला विमानाने गावीच यावे लागते. त्यांना प्रतिनिधीमार्फत मत देऊ देणारे विधेयक २०१८ मध्ये लोकसभेने मंजूर केले आणि पुढच्या वर्षी लोकसभेबरोबर तेही संपले.

आता आपला ऊसतोड कामगार पाहू. २०१९ मध्ये विधानसभेचे मतदान २१ ऑक्टोबरला, दिवाळीआधी झाले. २०२४ मध्ये ते २० नोव्हेंबरला आले, ऐन हंगामाच्या तोंडावर. बीडहून निघालेली टोळी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर असली, तर मतासाठी परतणे म्हणजे मजुरी बुडवणे, शिवाय मुकादमाची उचल अंगावर. एका कोयत्यामागे नवरा-बायको अशी दोन मते जातात. उमेदवाराने मतदारांसाठी फुकट गाडी लावली, तर कायद्याने ते भ्रष्ट आचरण. घरापासून सर्वांत लांब असलेल्या माणसासाठी कायद्यात एकही अपवाद नाही.

निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये एका केंद्रावरून ७२ मतदारसंघांचे मतदान घेऊ शकणारे यंत्र राजकीय पक्षांना दाखवण्यासाठी आणले. बहुतेक विरोधी पक्षांनी हरकती घेतल्या आणि ते यंत्र आजवर एकाही निवडणुकीत वापरलेले नाही. स्थलांतरित कोणाला म्हणायचे, दूरच्या केंद्रावर लहान पक्षाने माणूस कुठून बसवायचा, हे प्रश्न मला खोटे वाटत नाहीत. पण खोऱ्यातून बाहेर पडलेले काश्मिरी मतदार जम्मू आणि दिल्लीतल्या खास केंद्रांवर खोऱ्यातल्या उमेदवारांना मते देत आले आहेतच. ऊसतोडीत कारखाना, मुकादम आणि मूळ तालुका ठाऊक असतो. तेव्हा सुरुवात एका कारखान्याच्या परिसरात, एका तालुक्याच्या यादीपासून करता येईल. त्यासाठी फडाजवळच्या शाळेची एक खोली पुरेल.