आधी कोणाचा हप्ता?

लेखमाला : कर्जातून वाट – लेखांक ४

मागच्या आठवड्यात आपण घरचा जमाखर्च मांडला. किराणा, मुलांची फी, औषधे वजा करून हातात काय उरते ते पाहिले. आमच्या संस्थेत सल्ल्याला येणाऱ्या बहुतेक घरांत ही उरलेली रक्कम देण्यांच्या बेरजेला पुरत नाही. मग आहे त्यातून आधी कोणाला द्यायचे?

माणसे आमच्यापर्यंत येतात तोवर त्यांनी याचे उत्तर आपल्यापुरते ठरवलेले असते. जो सारखे फोन करतो, दारात येऊन आवाज चढवतो, त्याला आधी. डबे करून घर चालवणाऱ्या एक ताई आल्या होत्या. मोबाइलवरच्या ॲपचे कर्ज त्या एक दिवसही चुकू देत नव्हत्या, कारण त्याचा वसुलीवाला नातेवाइकांना फोन करण्याची धमकी देई. त्यापायी घरभाडे थकले होते. सोनेतारणात ठेवलेल्या पाटल्यांच्या लिलावाची नोटीस न उघडताच पिशवीत पडून होती. नोटीस दारात येऊन शिव्या देत नाही, म्हणून ती मागे राहते.

सल्लागाराचे पहिले काम हा क्रम बदलणे. देणे थकले तर घरातून नेमके काय जाईल, एवढेच विचारायचे. ज्याने छप्पर, वीज किंवा कमाईचे साधन जाते ते देणे सर्वांत वर. म्हणून भाडे आणि वीजबिल यांना कोणी कर्ज म्हणत नसले तरी आमच्या यादीत ती पहिली असतात. त्यानंतर तारण असलेली कर्जे. गृहकर्जाचा हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते बुडीत गणले जाते. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येते आणि त्यानंतर बँकेला दिवाणी दावा न लावता घराचा ताबा घेता येतो. (शेतजमिनीला हा कायदा लागू नाही.) रिक्षा-टेम्पोचे कर्जही वरच, कारण गाडी ओढून नेली की रोजची कमाईच थांबते.

पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, ॲपची कर्जे यांच्यामागे तारण नसते. ती यादीत खाली जातात. खाली म्हणजे बुडवायची असे नाही. जमाखर्चाचा कागद जोडून कर्ज देणाऱ्याला लेखी कळवायचे, की सध्या एवढेच देता येईल, मुदत वाढवून हप्ता कमी करा. पोच घ्यायची. तोंडी बोलण्याला इथे काडीची किंमत नाही.

इथे लोक घाबरून विचारतात, ‘जेल होईल का?’ केवळ कर्ज फेडता आले नाही म्हणून तुरुंगवास होत नाही. मात्र दिलेला चेक वटला नाही तर चेकविषयीच्या कायद्यातील कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नोटीस हाती पडल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम भरली तर तो खटला टळतो. म्हणून चेक कोणाकोणाला दिलेत हे मी पहिल्याच भेटीत विचारते. कोर्टाचा हुकूमनामा झाला तरी सगळेच जप्त होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बियाणे आणि धर्मरीतीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने जप्तीतून वगळलेले आहेत. ‘घरातली भांडी उचलून नेऊ’ ही धमकी कितीतरी बायांनी ऐकलेली असते. तिला कायद्याचा आधार नाही, हे कळल्यावर त्या पहिल्यांदा नीट बोलू लागतात.

सगळ्यात अवघड असते ते गटाचे कर्ज. कागदावर त्याला तारण नाही, पण एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या शेजारणींना वर्गणी काढून तो भरावा लागतो, आणि मग पाणवठ्यावर, शाळेच्या दारात तोंड लपवावे लागते. ही लाज जमाखर्चाच्या कागदात मावत नाही, तरी क्रम ठरवताना ती धरावीच लागते. एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला असे कर्ज देताना सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर फोन करायला मनाई आहे. निम्म्या उत्पन्नाची ही मर्यादा ओलांडून कर्ज दिले असेल तर चूक देणाऱ्याचीही आहे, आणि हे शाखेत जाऊन सांगायला आम्ही कर्जदार ताईंच्या सोबत जातो.

खासगी सावकाराकडे परवाना आहे का, ते आधी पाहा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. कर्जापोटी जमिनीचे खरेदीखत करून घेतले असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. पंधरा वर्षांच्या आतला व्यवहार असेल आणि चौकशीत सावकारीतला ठरला, तर जमीन परत मिळू शकते.

या सगळ्यात कर्जदाराला थोडी उसंतही हवी असते. इंग्लंड-वेल्समध्ये २०२१ पासून कर्जसल्लागार साठ दिवसांची कायदेशीर उसंत मिळवून देऊ शकतो. तेवढ्यात धनको वसुली करत नाहीत, बहुतेक कर्जांवरचे व्याज थांबते. आपल्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतही अगदी लहान कर्जदारांसाठी ‘नवी सुरुवात’ प्रकरण लिहिलेले आहे, पण पस्तीस हजारांपर्यंतच्या कर्जासाठीचे ते प्रकरण अजून लागू झालेले नाही. ते लागू व्हावे आणि ही मर्यादाही वाढावी, असे मला ठामपणे वाटते. तोवर हातात आहे ती लेखी तक्रार. बँक किंवा वित्त कंपनीने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याला पैसे पडत नाहीत, आणि १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते.

पुढच्या लेखात सिबिलचा अहवाल कसा वाचायचा ते पाहू. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून असा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. या आठवड्यात मागवून ठेवा. आणि पिशवीत न उघडलेली पाकिटे असतील तर ती आजच उघडा, प्रत्येकावर मिळाल्याची तारीख घाला.